शरणप्पा अण्णा आणि लाईनवरचा माणूस

शरणप्पा अण्णा विचारल्याशिवाय कुठलंही बटन दाबत नसत. विचारायचे कुणाला, तर बटनालाच. पंखा असो, पाण्याची मोटार असो की हेडमास्तरांचा कॉम्प्युटर असो, अण्णा बटनावर बोट ठेवणार, मान वर करणार आणि मोठ्यानं हाक देणार, "लाईनवर कोन हाय का?" मग तेच कानडीत, "यार अदार?" मग दखनीत, "कोई है क्या?" त्यानंतर चांगले पाच श्वास थांबणार. कुणी बोललं नाही, तरच खट्.

"तिन्ही भाषांत कशाला, अण्णा?" मी एकदा विचारलं.

"वर कोन आसंल, काय सांगावं बाई? त्याला समजाया नको का?"

वर म्हणजे नेमकं कुठं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

भालकी तालुक्यातल्या आमच्या मराठी शाळेत मी विज्ञान शिकवायचे आणि अण्णा प्रयोगशाळेचे शिपाई होते. त्याआधी ते लाइनमन होते, खांबावर चढून तारा जोडणारे. ती नोकरी कामून सोडली म्हटलं की ते टेबल पुसायला लागायचे. पुसलेलंच टेबल परत. एरवी माणूस मोठा गमत्या. पण लग्नात स्पीकरवाल्याला त्यांचा धसका असायचा. अण्णा मंडपात असले की त्यांची हाक संपेपर्यंत अक्षता पडून जायच्या आणि सनई मागून यायची.

शिवाय ती हाक चिकटते. वर्षभरात मीही घरी मिक्सर लावताना पुटपुटायला लागले. एका दुपारी घरात कुणी नव्हतं. बटनावर बोट ठेवून मी "कोन हाय का?" म्हटलं आणि घर असं गप्प झालं, की उत्तर येईल या भीतीनं मी पुढं थांबलेच नाही. त्या दिवशीची चटणी पाट्यावर वाटली.

खेड्यांत मोबाइल नुकते पोचले होते तेव्हाची गोष्ट. एका संस्थेनं शाळेला रोबोटचा संच दिला. हेडमास्तरांनी तो कपाटात ठेवला, अण्णांनी तो बाहेर काढला. नववीच्या तीन पोरी गोळा केल्या. संचातल्या भागांना सायकलच्या तारा आणि जुन्या टेपरेकॉर्डरची मोटार जोडून चौघांनी मिळून एक बुटकं यंत्र उभं केलं. ते काळ्या रेघेवरून चालायचं, वाटेतले ठोकळे उचलायचं आणि चौकोनात नेऊन ठेवायचं. सुरू मात्र अण्णांच्या रीतीनंच व्हायचं. तिघींतली भाग्यश्री बटनावर बोट ठेवायची, तीन भाषांत हाक द्यायची, पाच श्वास थांबायची.

ते पाच श्वास मला आवडायचे नाहीत. कधीकधी अण्णांची मान हळूच एका बाजूला वळायची, मागून कुणी आल्यासारखी. पोरींच्या मानाही तिकडंच वळायच्या. तिकडं नुसती भिंत होती.

रोबोटच्या स्पर्धेत जिल्ह्यात जिंकलो, राज्यात जिंकलो आणि राष्ट्रीय स्पर्धेसाठी हैदराबादला गेलो. तिथं शिट्टी वाजली की दोन मिनिटं मिळायची. मोठमोठ्या शहरांतली पोरं शिट्टीबरोबर बटन दाबायची. आमच्या पोरी छताकडं बघून हाका मारायच्या. "ही तुमची प्रार्थना आहे का?" असं एका पंचानं मला विचारलं. मी सरळ हो म्हटलं. एवढा वेळ घालवूनसुद्धा आम्ही शेवटच्या चारांत आलो, इतकं ते यंत्र सरळ चालायचं.

हाक गाळली तर पहिला नंबर आमचाच, हे मला दिसत होतं. जेवणाच्या सुट्टीत मी अण्णांना एका कोपऱ्यात गाठलं.

"अण्णा, फायनलला हाक नको. पोरींनी वर्षभर कष्ट केलेत."

अण्णांनी ताटातला भात बाजूला सारला. मग म्हणाले, "एकदाच इचारलं न्हाई बाई मी. मंठाळकडं एका खेड्यात. मॅचचा दिवस व्हता. लाइट गेलेली, सारं गाव माज्या अंगावर वरडायलं. माजा धाकटा भाऊ दत्तू खांबावर व्हता. उतरला आसंल म्हनलं मी. मेन स्विचचा दांडा वर केला अन् करंट सोडला."

माझी मलाच लाज वाटली. अण्णाच उठले. "पोरींचं खरंय. आज ऱ्हाऊ द्या," म्हणाले. स्वतः जाऊन पोरींना एवढंच सांगितलं, आज हाक द्यायची नाही. का, ते सांगितलं नाही. मग हॉलच्या दाराशी जाऊन पाठ करून उभे राहिले.

शिट्टी वाजली. बाकीची तीन यंत्रं सुटली. भाग्यश्रीचं बोट बटनावर होतं आणि ती छताकडं बघत होती.

"दाब गं!" मी ओरडले. ती हलेना. दोघी मैत्रिणींनी तिला गदागदा हलवलं, तरी हलेना. एक मिनिट गेलं, त्याच्यावरही थोडं गेलं. मग तिनं बटन दाबलं. यंत्र नेहमीसारखं सरळ चाललं, पण निम्मे ठोकळे जागेवरच राहिले. आम्ही चौथे आलो. चारांत चौथे.

मी तरातरा तिच्याकडं गेले. "कामून थांबलीस?"

"मनातल्या मनात इचारलं, बाई. सवय हाय ना." तिचे ओठ पांढरे पडले होते. "तर उत्तर आलं."

"कुणाचं? मनातलं कुणाला ऐकू येतंय?"

"वरनं आलं. 'थांब अण्णा, उतरायलोय.'"

दत्तूची गोष्ट पोरींना कुणीच सांगितलेली नव्हती. मी मागं पाहिलं, तर अण्णा येऊन उभे होते. त्यांनी ऐकलं होतं.

"आवाज कसा व्हता गं?" त्यांनी विचारलं.

"तरना व्हता. हसल्यागत."

"रागात न्हवता?"

"न्हाई, अण्णा."

अण्णा एक पाऊल पुढं आले. "मंग? उतरला का?"

"व्हय. पार खाली उतरंस्तोवर मी बटन दाबलंच न्हाई."

तिकडं बक्षिसाची नावं पुकारत होते. अण्णांनी पोरीचं ते बोट आपल्या दोन्ही हातांत धरलं, आणि टाळ्या संपेपर्यंत सोडलं नाही.