चाळीस सेकंदांत सुरू

प्रतीक्षाच्या ऑनलाइन केंद्रातला कॉम्प्युटर बटन दाबल्यावर बारा मिनिटांनी डोळे उघडायचा. धामणगाव बढेच्या गिऱ्हाइकांना त्याची सवय झाली होती, प्रतीक्षाला नव्हती. शेवटी तिने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला आणि कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप उठून बसणारे एकोणीस प्रोग्राम बंद करून टाकले. निम्म्यांची नावं तिला वाचतासुद्धा येत नव्हती. म्हणजे बिनकामाचेच असणार!

दुसऱ्या दिवशी मशीन चाळीस सेकंदांत सुरू झालं. ती खूश होते न होते तोच सिंधूताई आल्या. पेन्शनसाठी हयातीचा दाखला हवा होता आणि आज शेवटचा दिवस. त्यांनी कॉम्प्युटरला जोडलेल्या ठसे घेणाऱ्या यंत्रावर अंगठा ठेवला. यंत्राचा लाल दिवासुद्धा लागला नाही.

"आजी, जरा दाबून."

"दाबूनच तं राह्यली!"

अंगठा पदराने पुसला, साबणाने धुतला, खोबरेल लावून पाहिलं. डावा झाला, मग उरलेली बोटं झाली. वायर काढून दुसरीकडे खोचली. स्क्रीनवर एकच ओळ: 'पडताळणी झाली नाही.'

"म्हंजे मी मेली का वं, पोरी?"

मागे बाकावर नंबर लावून बसलेल्या किसनरावांनी हळहळून मान हलवली. "तसंच दिसून राह्यलं. लय चांगली बाई होती."

प्रतीक्षाने यंत्र उलटं करून पाहिलं. आजीची पेन्शन आपल्यामुळे थांबली तर गावात तोंड कसं दाखवायचं? आणि एकदम तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काल झोपवलेल्या एकोणिसांत एक या यंत्राचाही होता! पण कोणता? तिने सगळेच्या सगळे परत उठवले आणि कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला.

काळ्या स्क्रीनवर ठिपके गोल गोल फिरू लागले. आता फक्त लाइट जाऊ नये, म्हणून ती पंख्याकडे टक लावून बसली.

"उठून राह्यला, आजी. थांबा थोडं."

"उठून कोण राह्यलं? मी का तो?"

तेराव्या मिनिटाला लाल दिवा लागला. अंगठा टेकला आणि दाखला निघाला.

"आजी, जित्त्या आहा तुम्ही!" प्रतीक्षा जवळजवळ किंचाळलीच.

सिंधूताईंनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"अजून एक काढ. अन् त्याले लॅमिनेशन करून दे."

"एकच पुरते, आजी."

"हा पेन्शनचा झाला. दुसरा सैपाकघरात लावाचा हाय. मी जित्ती हाय, हे सूनबाईच्या ध्यानातच राहत नाही."