बुडण्याचा नंबर

जळगावच्या एका क्लबच्या तरणतलावावर धनसिंग जीवरक्षक होता. ऐन मे महिन्यात तो मॅनेजर नीलेशसमोर उभा राहिला. "सायेब, मी जास शिरपूरले. आते नई जमत."

नीलेशने लगेच हिशोब मांडला. जीवरक्षक नाही तर तलावाला कुलूप, आणि सभासदांच्या शिव्या खायला मॅनेजर. त्याने धुळ्याच्या समुपदेशक चारुलताबाईंना बोलावलं.

"इतक्या वर्षांत कोणी बुडालंच नाही," बाईंनी निदान केलं. "आपण कोणाच्या कामी येतो, असं त्यांना वाटायला हवं."

धनसिंगला काही सांगायचं होतं, पण शिकलेली बाई बोलत असताना मधे तोंड घालणं त्याला बरं दिसेना.

नीलेशने रोज पोहायला येणाऱ्या सुनंदाबाईंना गाठलं. "अक्का, उद्या थोडं बुडाल का?"

"बुडते की! माणूस टिकला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी त्या छान बुडाल्या. धनसिंगने उडी मारून त्यांना काढलं, टाळ्या पडल्या. पण बाकीचे रुसले. "आम्ही काय सभासद नाही?" मग खोल पाण्याकडे रांगच लागली. सुपडूआबा तर ओल्या कापसाच्या पोत्यासारखे. त्यांना काढताना धनसिंगची कंबर धरली.

बघायला आलेला नीलेश ओल्या फरशीवर घसरला आणि थेट पाण्यात. पोहण्याच्या नावाने शून्य. "वाचवा!"

"साहेब, नंबर लावा," सुनंदाबाई ओरडल्या. "आबा परत रांगेत आहेत, आधी ते!"

धनसिंगने मात्र कंबर विसरून उडी टाकली. हौसेने बुडणारे असं तोंड करत नाहीत, हे त्याला आता कळत होतं.

काठावर खोकत नीलेशने विचारलं, "आता तरी बरं वाटतंय ना कामात?"

"काय बरं, सायेब! बठ्ठं गाव पानीमा, नि मी दिनभर वर खुर्चीवर उनमा तपस. माले फक्त दुपारले जरासं पानीमा बसानं व्हतं."

"एवढंच? मग बस की! पण खुर्चीवर कोण..."

सगळे नीलेशकडे बघू लागले.

"अरे, मला पोहता येत नाही!"

"शिट्टी वाजाडता येस ना? मी पानीमाच शे."

नीलेश निमूटपणे उंच लोखंडी खुर्चीवर चढला आणि टेकताच चटका बसून उठला. त्याला मनापासून लाज वाटली.

"धनसिंग, तू रोज हिच्यावर बसायचास?"

धनसिंग पाण्यावर उताणा पडला होता. डोळे न उघडताच म्हणाला, "रोज कुठं, सायेब! सोमवारले सुट्टी ऱ्हास ना."