सणसरच्या गुळकाट्यावरील बाळमोहीम

श्रीकुलस्वामिनी सुप्रसन्न. विज्ञापना ऐसी जे, किल्ले घेतले-दिधले यांचे वृत्तांत लिहिणारे उदंड झाले, परंतु दुधाच्या भुकटीपायी मौजे सणसर, तालुके इंदापूर, येथे जे रण माजले ते लिहावयास कोणी बोरू उचलीना, म्हणोन हे काम आमचे गळ्यात पडले. आम्ही समक्ष होतो. मीठमिरची लागली असेल ती आमच्या पदरची, त्यास इलाज नाही.

शके १८७८, दुर्मुखनाम संवत्सरे, मार्गशीर्ष वद्य पंचमीस बारामतीहून पद्माबाई नर्स यांची स्वारी बैलगाडीने निघाली आणि सोबत सरंजाम म्हणावा तर भुकटीचे डबे सहा, पातेले एक आणि मुले जोखावयाचा स्प्रिंगचा काटा एक. सरकारचे फर्मान ऐसे की, सहा महिन्यांचे मूल सात शेरांच्या आत भरेल ते अशक्त जाणावे आणि त्याचेच घरी दर सोमवारी भुकटी द्यावी. वर भरेल त्याने आपले घरचे प्यावे. मग कालव्याच्या उतारावर गाडी कलंडली, डबे बचावले आणि काटा मोडून कामी आला.

आता जोखावे कशावर, ही मसलत पडली. गावात काटा एकच, तो गुळाचा, आणि तो राजमान्य राजश्री मोहनराव, गावचे सरपंच आणि गुळाचे आडते, यांचे दारी. मोहनरावांनी तो तात्काळ बहाल केला, कारण त्यांचा नातू चिरंजीव राम हाही जोखला जाणार होता आणि आजी चंद्राबाईंनी त्यास पंधरा दिवस लोणी चाटविले होते. त्या रोजी गुळाच्या चौदा गाड्या तोलासाठी खोळंबल्या होत्या, त्यांस हुकूम सुटला की आधी पोरे, मग ढेपा. आणि गाडीवाले विड्या ओढीत तमाशा पाहत बसले. तोलास म्हस्कू तोलणार उभा राहिला, ज्याची चाळीस वर्षे त्याच काट्यापाशी गेली.

अकरा मुले आली. त्यांत प्रयागबाई, जी सोपान वांगेवाल्याची कारभारीण, तिची कन्या जयवंता होती. प्रयागबाईस हिवताप येऊन अंगावरचे दूध आटले होते, घरची गाय भाकड, आणि पोर आठ दिवस पेजेच्या निवळीवर होती. इतरांस ही जत्रा होती, तिला नव्हती.

मग म्हस्कूने जयवंतेस पारड्यात घातली आणि पुकारिले, सव्वासहा. नर्सबाईंनी 'अशक्त' लिहिले आणि प्रयागबाईचा जीव भांड्यात पडला. मागाहून चिरंजीव रामाची स्वारी चांदीचे वाळे आणि दुहेरी कडदोरा लेवून आली, नर्सबाईंनी तो सारा ऐवज उतरविला, आणि म्हस्कूने पुकारिले, पावणेसात. नर्सबाईंनी लिहिले, अशक्त.

आडत्याचा नातू अशक्त! चंद्राबाईंनी कपाळावर हात मारिला आणि मोहनरावांच्या मिशा थरथरल्या. म्हस्कूस जाब पुसला, तेव्हा तो गरीब बोलला की आडतीच्या रिवाजाप्रमाणे ओलीची तूट म्हणोन शेरामागे अदपाव, म्हणजे आठवा हिस्सा, कडता कापूनच वजन पुकारिले. ढेपेस ओल धरतो, तशी पोरांस धरली, आणि पोरे तर ढेपेहून ओली. मोहनरावांनी फर्माविले की कडता गुळास, माणसाच्या पोरास नाही, सबब सर्वांस पुन्हा जोखावे. मग राम पावणेआठ भरला आणि पेढे मागविले गेले. जयवंता सात शेर अदपाव भरली आणि तिचे नावावर काट बसली. पोर भरली होती ती गेल्या महिन्याच्या दुधावर, पण फर्मानास मागचा-पुढचा महिना कळत नाही.

प्रयागबाईने नर्सबाईंचे पाय धरिले. नर्सबाईंचे डोळे भरले, परंतु त्या बोलल्या की कडता धरा अगर सोडा, अकरांस कायदा एक लावा, त्यावर मी सही करीन. तेव्हा प्रयागबाई उठली, पोर पुन्हा पारड्यात निजविली, काट्याची साखळी मुठीत धरिली आणि बोलली, "मोहनतात्या, कडता पोरावर खोटा, तर ढेपंवर खरा कसा? काटा त्योच हाय, म्हस्कूआबा बी त्योच हायती. आज ज्यो न्याय लावाल, त्योच ह्या चौदा गाड्यास्नी लावा."

चौदा विड्या तोंडातच विझल्या. मोहनरावांनी एकवार गाड्यांकडे पाहिले, एकवार नातवाकडे, आणि आत जाऊन कारकुनाशी खलबत केले. बाहेर येऊन आज्ञा केली ती अशी, "कडता वाडवडलांचा रिवाज हाय, त्यो मोडायचा न्हाय. पोरावर बी ऱ्हाईल." नर्सबाईंनी पुन्हा लिहिले. अकराच्या अकरा मुले अशक्त ठरली, आणि चिरंजीव रामाचे नाव, सरपंचांचा मान म्हणोन, सर्वांत वर घातले गेले. चंद्राबाई पदर तोंडास लावून घरात गेल्या.

तेथेच चूल मांडून भुकटी कालविली. जयवंता वाटीभर प्याली, ढेकर दिला आणि आईने ज्या हाताने साखळी धरिली होती, त्याच हातावर झोपली. प्रयागबाई रडली, आम्हांसही रडू आले, लाज कसली.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते झाली आणि कागदी लागली. बायांनी दूध जिंकिले. मोहनरावांनी नातू दिला आणि गूळ राखिला. त्याच दोन प्रहरी ढेपा तोलास लागल्या आणि म्हस्कूने शेरामागे अदपाव कापून चौदाही गाड्यांचे वजन पुकारिले, आणि बाई जे बोलली ते सर्वांनी ऐकिले असोनही एकाही मर्दाने चकार शब्द काढिला नाही. त्यांत एक गाडी आमची होती.