दूध नावाचा उपपदार्थ

गाय दिवसातून दोनदा दूध देते, ही बाब पुरवठा खात्याला कोणीही अधिकृतपणे कळवलेली नव्हती. त्यामुळे दूरच्या कुठल्याशा समुद्रात जहाजं अडकून डिझेल आणि रासायनिक खत दोन्ही येईनासं झालं, तेव्हा खात्याने डिझेलचं वाटप अत्यंत काटेकोरपणे केलं आणि त्यातून गोठे वगळले.

दोघी जावांच्या गोठ्यात दूध काढायचं यंत्र आणि दूध गार ठेवायची टाकी, दोन्ही जनरेटरवर चालायची. आता थोरली हाताने धारा काढून मनगटं सुजवून बसली होती. तरी सगळ्या गाई उरकत नव्हत्या. राहिलेल्यांच्या कासा दगडासारख्या होत आणि त्या हंबरून हंबरून घर डोक्यावर घेत. धाकटीला ते ऐकवेना. तिला चारचौघांत बोलता येतं असा घरात समज होता, म्हणून कार्यालयात तिला पाठवलं.

"साहेब, दूध अत्यावश्यक आहे ना?"

"आहेच," साहेब म्हणाले. "दूध यादीत आहे. गाय नाही."

"पण दूध गायीतूनच येतं."

"ते आलं की या. वाहतुकीला डिझेल देऊ. येण्याआधीचा विभाग आमच्याकडे नाही."

धाकटीने डोळ्यांत पाणी आणलं नाही, ते आपोआप आलं. साहेबही शेवटी माणूसच होते, निदान जेवणाच्या सुट्टीपर्यंत. त्यांनी आवाज खाली आणला. "खताच्या कारखान्यांना डिझेल द्यायचा वरून आदेश आहे. तुमच्या गाई शेण टाकतात का?"

"दिवसभर तेच तर करतात."

"मग झालं तर."

अशा रीतीने गोठ्याचं सेंद्रिय खतनिर्मिती केंद्र झालं. दारावर पाटी लागली, डिझेल आलं, यंत्र सुरू झालं आणि थोरलीला कितीतरी दिवसांनी हात न थरथरता घास घेता आला. हे सुख बघवलं नाही म्हणून की काय, निरीक्षक आले. त्यांनी शेणाची पाहणी करून समाधान व्यक्त केलं. मग त्यांचं लक्ष टाकीकडे गेलं.

"हे पांढरं काय?"

"दूध."

"खत बनवताना दूध निघतं?"

"पहिल्यापासून निघतं," थोरली म्हणाली.

"म्हणजे उपपदार्थ. आणि त्याच्यावर खताचं डिझेल जाळताय?" निरीक्षकांनी जनरेटरला सील ठोकलं. "परवाना येईपर्यंत हा द्रव निर्मितीस्थळीच साठवा."

"निर्मितीस्थळी म्हणजे कुठे?"

निरीक्षकांनी जवळच्या गायीकडे पेन रोखलं.

"तुम्हीच सांगून बघा तिला," थोरली म्हणाली आणि सुजलेल्या हातांनी पुन्हा बादली घेऊन बसली.

डिझेल आता फक्त शेण वाहून न्यायला मिळू लागलं. दूधगाडी रोज जिथे उभी राहायची तिथेच शेणाच्या पिशव्या घेऊन टेम्पो उभा राहू लागला. पिशवी मोफत, माणशी एक. धाकटीने पिशव्यांच्या मागे दुधाचा एक कॅन दडवला होता. जावेने मनगटं मोडून काढलेलं दूध गटारात ओतायला तिचं मन धजेना.

शहरात दुधाच्या नावाने ठणठणाट होता, पण टेम्पोपुढे ही रांग. चौथ्या मजल्यावर राहणारे, घरात मातीची एक कुंडी नसलेले लोकही आले होते. इस्त्रीच्या शर्टातल्या एका गृहस्थांना धाकटीने हळूच विचारलं, "दूध आहे. आजच काढलंय. घेता?"

"परवाना आहे?"

"नाही."

"मग कसं घेणार? घरात लहान मुलं आहेत हो." आणि त्यांनी बायकोच्या नावावर शेणाची आणखी एक पिशवी मागितली.

धाकटीला मनापासून वाईट वाटलं. तिने रांगेवरून नजर फिरवली. सगळी सभ्य, शिकलेली, नियम पाळणारी माणसं. कुणीतरी गाई कशा आहेत एवढं विचारेल, या आशेने ती प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत राहिली.

त्या गृहस्थांच्या मागे तुम्हीच उभे होतात. पिशवी हातात घेताना तुम्ही विचारलंत खरं, पण एवढंच, की उद्याही मिळेल ना.