हिंमतरावांचं ‘येतो’

फोनवरच्या नेमबाजीच्या खेळात राजनंदिनीला हरवणारा खराडीत अजून जन्माला यायचा होता. हे मत राजनंदिनीचं स्वतःचं होतं आणि तिने ते कुणापासून लपवून ठेवलं नव्हतं. नववीतल्या या मुलीने सोसायटीच्या ग्रुपवर ‘जिंकायचं असेल तर’ अशा मथळ्याखाली चक्क अकरा नियम टाकले होते. निशाणा कायम शत्रूच्या डोक्याच्या उंचीवर ठेवा, खाली बघत चालायला आपण मंडईत भेंडी निवडत नाही. एक गोळी झाडली की लगेच मॅगझिन बदलू नका, एक घोट प्यायल्यावर कुणी माठ भरायला घेत नाही. इअरफोन लावा, शत्रूची पावलं ऐका. आणि अकरावा, ठळक अक्षरांत: एकट्याने पुढे पळू नका, पाठीशी साथीदार हवाच.

ए विंगच्या अभयने त्याखाली लिहिलं, "छान. आता खेळायलाही शीक."

झालं! दहा मिनिटांत पैज लागली. रविवारी दुपारी बारा वाजता ए विंग विरुद्ध बी विंग, चार-चार जण, तीन फेऱ्या, ज्याने त्याने आपापल्या घरून खेळायचं. हरलेल्या कॅप्टनने महिनाभर स्टेटसला लिहायचं की मला हरवणारा अमुक अमुक माझा गुरू आहे. दोघंही नववी-ब मध्ये. म्हणजे अख्खा वर्ग ते रोज वाचणार, आणि त्यातल्या निम्म्यांना राजनंदिनीने कधी ना कधी खेळायची अक्कल शिकवलेली!

शनिवारी सकाळी बी विंगचा चौथा गडी आनंद मावसबहिणीच्या लग्नाला अकोल्याला निघून गेला. विंगमध्ये फोन असलेला, रिकामा आणि परीक्षेची सबब न सांगणारा एकच माणूस उरला. तळमजल्यावरचे हिंमतराव काका, वय वर्षं अडुसष्ट.

टीममधल्या पूर्वाने कपाळावर हात मारला, पण राजनंदिनी खुशीत होती. काका बत्तीस वर्षं खडकवासल्याला लष्करी अकादमीत होते, असं तिने ऐकलं होतं. तेवढं तिला पुरलं. आमचा चौथा खेळाडू अकादमीतला आहे, असं तिने ग्रुपवर जाहीरही करून टाकलं. त्यावर एरवी सेकंदात टोमणा मारणाऱ्या अभयने तासाभराने नुसतं ‘ओके’ लिहिलं.

संध्याकाळी सरावात काकांचा सैनिक पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभा राहिला तो हलेचना. तिथे एक बोगनवेल होती. सावलीत बोगनवेल फुलत नसते, हा खेळ बनवणाऱ्याला एवढंही कळू नये, असं काकांचं म्हणणं पडलं.  राजनंदिनीने हळूच विचारलं, "काका, तुम्ही अकादमीत नक्की काय करायचात?"

"बागेत होतो. गुलाब सगळे माझ्याकडे."

पूर्वाने टेबलावर डोकं ठेवलं. राजनंदिनी तिच्या कानात म्हणाली, "हे कुणाला सांगायचं नाही."

दुसरी अडचण त्याहून मोठी. या खेळात साथीदाराला सावध करायचं ते एका शब्दात, ‘मागे!’ म्हणून. पण अडुसष्ट वर्षांच्या माणसावर असं खेकसायचं कसं? राजनंदिनी म्हणायची, काका, तुमच्या मागे कुणीतरी आलंय, जरा वळून बघता का. ‘जरा’पर्यंत काका गेलेले असायचे. असे ते सात वेळा गेले.

"त्यांना शत्रू मारत नाहीये," पूर्वा म्हणाली, "तुझे संस्कार मारतायत."

रविवारी पहिल्या दोन फेऱ्यांत एक-एक अशी बरोबरी झाली. तिसऱ्या फेरीत बी विंगने झेंडा राखायचा होता. तीन मिनिटांत झेंडा गेला नाही की जिंकलो. दोन मिनिटांत धुमश्चक्री होऊन तिकडचे तीन पडले, इकडचे पूर्वा आणि तिसरा गडी सोनू पडले. उरला एकटा अभय. आणि त्याच्याविरुद्ध राजनंदिनी, शिवाय काका. काका जिवंत होते कारण ते टाकीमागे भिंतीकडे तोंड करून बोगनवेलीपाशी होते आणि तिकडे कुणी फिरकलंच नव्हतं.

झेंड्यापाशी बसून राहा, मिनिटभर तर काढायचंय, असं पूर्वा इअरफोनमधून बजावत होती. पण अभय वेळ संपली म्हणून हरला, यात कसली आलीय मजा! राजनंदिनीला तो स्वतःच्या हाताने टिपायचा होता. राजनंदिनी म्हणाली, "काका, मी पुढे जातेय. तुम्ही माझ्या मागे या."

नेमक्या त्याच क्षणी तळमजल्यावर वेणूबाईंनी आतून सांगितलं, "अहो, पानं वाढलीत."

हिंमतराव जुन्या वळणाचे. निघताना ‘जातो’ हा शब्द त्यांच्या तोंडून आयुष्यात निघाला नव्हता. बँकेतल्या काउंटरवरूनही ते ‘येतो’ म्हणूनच हलायचे. ते फोनमध्ये म्हणाले, "बरं बेटा, येतो मी." फोन दिवाणावर ठेवला आणि पाटावर जाऊन बसले.

राजनंदिनीने ऐकलं, ‘येतो’. साथीदार पाठीशी! ती वाऱ्यासारखी सुटली. अभयला पावलं ऐकू आली, त्याने एक गोळी झाडली आणि वारा पडला.

काका आहेत कुठे म्हणून तिने बघितलं, तर त्यांचा सैनिक अजून बोगनवेलीपाशीच. आणि इअरफोनमधून आवाज आला, वेणूबाईंचा: "ठेचा वाढू का अजून?"

"येतो म्हणाले ना," पूर्वा म्हणाली. "म्हणजे गेले."

अभयला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याच्या समोर मोकळा झेंडा, हातात चाळीस सेकंद आणि आसपास कुठेतरी अकादमीतला माणूस. तो पावलं ऐकत राहिला. पाऊल वाजेना. त्याने खोकी तपासली, जिने तपासले, दाराआड बघितलं. अशी शिस्त त्याने जन्मात पाहिली नव्हती! शेवटी दहा सेकंद उरल्यावर तो सरपटत झेंड्याकडे निघाला, मध्येच दचकून मागे वळला आणि वेळ संपली.

बी विंग जिंकली! राजनंदिनी सोफ्यावर नाचली. स्टेटस कधी टाकतोयस, असा तिने अभयला मेसेज केला.  उत्तराऐवजी अभय स्वतःच आला, पण तिच्याकडे नाही, तळमजल्यावर. ती धावत खाली पोचली तेव्हा काका पंच्याला हात पुसत दारात उभे होते.

"संपला का रे खेळ? या वेळी मी किती लवकर मेलो?"

अभय राजनंदिनीकडे वळला. "बघ. याला म्हणतात नम्रता."

"अरे, मी जेवत होतो."

"जेवता जेवता..." अभय पुटपुटला आणि त्याने वाकून नमस्कार केला.

राजनंदिनीने तोंड उघडलं. खरं सांगायचं तर गुलाबांपासून सांगावं लागणार होतं, आणि एकदा गुलाब निघाले की विजयात काही उरत नव्हतं. तिने तोंड मिटलं.

संध्याकाळी अभयचं स्टेटस झळकलं. जेवता जेवता मला हरवणारे हिंमतराव काका माझे गुरू आहेत, महिनाभर नव्हे, कायमचे. त्याखाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती: ‘एकट्याने पुढे पळत येऊन मरणाऱ्या कॅप्टनचेही आभार.’

त्यावर पहिला बदाम पाठवला तो राजनंदिनीच्या आईने.