सोनवणे काकांची दोन मिनिटं

एखाद्या माणसानं चूक केली, तर त्याला किती वेळ बाहेर बसवून ठेवायचं?

घाईनं उत्तर देऊ नका. आमचे सोनवणे काका मात्र घाईनं देतात, आणि मिनिटांत देतात. दोन. गुन्हा कोणताही असो. नळ दुरुस्त करायला सोमवारी बोलावलेला प्लंबर गुरुवारी उगवला, तेव्हा काकांनी त्याला आधी घरात घेतलंच नाही. दारासमोरच्या कट्ट्यावर बसवलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभे राहिले आणि काटा फिरला तसे म्हणाले, "ये आता. चहा घेशील?" प्लंबर उशिराचं कारण सांगायला लागला, तर त्यांनी हात वर केला. "मिनिटं संपली, विषय संपला. पुन्हा काढलास तर आणखी दोन."

एकदा आमटी खारट झाली म्हणून त्यांनी मालतीकाकूंनाही कट्टा दाखवला होता. काकू कळवणच्या. त्या ओट्यापासून हलल्यासुद्धा नाहीत. "तुम्हीच जाऊन बसा. मला तेवढीच दोन मिनिटं शांतता." काकांनी क्षणभर विचार केला, आपण आवाज चढवला हे त्यांना पटलं असावं, आणि ते मुकाट्यानं बाहेर जाऊन बसले. पूर्ण दोन मिनिटं. आत आल्यावर तीच आमटी दोनदा घेतली.

हा कायदा त्यांनी आणला आइस हॉकीतून. हो, बर्फावरच्या हॉकीतून. सातपूरच्या कामगार वसाहतीत, जिथं आम्ही बर्फ बघितला तो रसवंतीत, पोत्यात गुंडाळलेला.

काका मूळचे सटाण्याकडचे. तीस वर्षं लेथ मशीनवर टर्नर होते. आइस हॉकी त्यांना भेटली ती मोतीबिंदूमुळे. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, घरी येऊन त्यांनी टीव्ही लावला तर पडदाभर पांढरं. "मालती, ऑपरेशन फसलं!" असं ते ओरडले. काकू पदर खोचून धावत आल्या, आणि तेवढ्यात त्या पांढऱ्यातून एक काळी चकती सुसाट गेली. काकांना ती स्पष्ट दिसली. पुढं ते मला म्हणाले, "नव्या डोळ्यांनी पहिली वस्तू ती दिसली, पोरी. मग सोडवत नाही."

खेळ सोपा आहे. बर्फाचं मैदान, पायात पात्यांचे बूट, हातात काठी, चेंडूऐवजी रबरी चकती. दोन्हीकडे पाच-पाच गडी आणि एकेक गोलकीपर. कुणी आडदांडपणा केला, की पंच त्याला मैदानाच्या कडेला काचेच्या एका खोपटात नेऊन बसवतो. दोन मिनिटं. तेवढा वेळ त्याचा संघ चार जणांवर झुंजतो आणि समोरच्या पाच जणांची चंगळ होते. या चंगळीला पॉवर प्ले म्हणतात. कॉलनीत कुणी "म्हणजे पहिली सहा षटकं का, काका?" असं विचारलं, की काका बोटानं कट्टा दाखवतात.

आणि या पॉवर प्लेचा राजा म्हणजे भाऊसाहेब. खरं नाव वेगळं आहे, पण ते उच्चारताना काकांची कवळी हलते. "आमच्याकडं अशा रुबाबदार माणसाला भाऊसाहेबच म्हणतात," एवढं सांगून त्यांनी त्या परदेशी खेळाडूचं बारसं उरकलं. गोलकीपरचं नाव वॉचमन. पंचाचं नाव फोरमन.

भाऊसाहेबांची रीत अशी, की पॉवर प्ले सुरू झाला की ते गोलपोस्टपासून थोडे दूर, डाव्या हाताला, एका ठरलेल्या जागी जाऊन उभे राहतात. चकती त्यांच्याकडे आली की थांबवत नाहीत. आली तशी, गुडघा बर्फाला टेकेपर्यंत वाकून हाणतात. दरवेळी तिथूनच. काकांनी प्लायवुडच्या एका फळीला पांढरा रंग देऊन तिच्यावर मैदान आखलं आहे, आणि पॉवर प्लेमध्ये भाऊसाहेबांनी जिथून गोल मारला तिथं एक चूक, म्हणजे बारीक खिळा, ठोकायची, असा त्यांचा नेम आहे. सगळ्या चुका तळहाताएवढ्या जागेत दाटीवाटीनं उभ्या आहेत. "बघ," काका त्यांवरून बोट फिरवत म्हणतात, "एक सूत इकडं नाही, एक सूत तिकडं नाही. वॉचमनला माहिती, कुठून येणार. चौघांना माहिती. मला इथं सातपुरात माहिती. अडव म्हणावं! अडत नाही. याला म्हणतात काम!"

मॅच आपल्याकडे पहाटे साडेपाचला लागते. डिसेंबरात नाशकात त्या वेळी दुधवाल्याचेही दात वाजत असतात. अशा थंडीत काकांच्या खिडकीतून आरोळी येते, "मारा भाऊसाहेब! हाणा!" नवा दुधवाला पहिल्या दिवशी क्रेट टाकून मारामारी सोडवायला धावला होता. गोल झाला की तिकडे मैदानात मोठा भोंगा वाजतो, आणि काका टीव्हीचा आवाज शेवटपर्यंत चढवतात. "आपल्या कंपनीचा भोंगा. सेम टू सेम." कंपनी बंद होऊन बरीच वर्षं झाली. त्या जागी आता लॉन्स आहेत, लग्नं लागतात.

खरं सांगायचं, तर मला हे सगळं पटत नव्हतं. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. माझे बाबा युनियनची पत्रकं लिहायचे. मला अक्षरओळखसुद्धा त्यांतूनच झाली आणि पूर्णविरामाच्या आधी मी उद्गारचिन्ह शिकले. तेव्हा एकदा मी काकांना सुनावलं. "काका, कामगार माणूस तुम्ही. त्या श्रीमंतांच्या बर्फाचं काय कौतुक? आपली कबड्डी काय वाईट आहे? तिथंही बाद झालेला गडी परत येतोच की."

"येतो ना," काका म्हणाले. "पण त्याला कोण आणतं? त्याचेच गडी. समोरच्याला बाद करायचं, मग आपला जिवंत. इथली गंमत येगळी शे." मूळ गावाची बोली त्यांच्या तोंडी आली की समजावं, विषय जिव्हाळ्याचा आहे. "उद्या पहाटे ये. तोंडानं नाही कळायचं."

मी गेले. शाल पांघरून काका खाटेवर, मी खुर्चीत, काकू चहा टाकायला. खेळ रंगला होता. समोरच्या संघातल्या एका दांडगटानं कुणालातरी काठीनं पाडलं, फोरमननं त्याला खोपटात नेऊन बसवलं. काका उभे राहिले. पॉवर प्ले ते उभं राहूनच बघतात. भाऊसाहेब आपल्या जागी गेले, चकती आली, गुडघा वाकला, आणि मला काही दिसायच्या आत जाळी हलली. भोंगा! भाऊसाहेबांनी हात उंचावले, गडी त्यांच्या गळ्यात पडले, मीसुद्धा टाळी वाजवली. ती वाजवताना काकांकडे बघितलं.

काका भाऊसाहेबांकडे बघतच नव्हते. ते पडद्याच्या पार कोपऱ्यात बघत होते.

"काका, तिकडं काय आहे?"

"दार," ते म्हणाले. "देख, उघडनं."

खोपटाचं दार उघडलं होतं. तो दांडगट मान खाली घालून बाहेर आला आणि आपल्या गड्यांकडे निघाला. एकानं त्याच्या पाठीवर काठी टेकवली. बस्स, एवढंच.

"दोन मिनिटं झाली नव्हती अजून," काका खाली बसत म्हणाले. "पण गोल झाला की सुटका. असा नियम आहे. ज्याचा गुन्हा केला, त्याच्याच फटक्यानं सुटतो. भाऊसाहेबांनी आजवर किती जणांना सोडवलं ते मोज त्या फळीवर. आणि गोल नाही झाला, तरी दोन मिनिटांनी दार उघडतंच. फोरमन विसरत नाही."

काकूंनी चहा ठेवला. काका कपाकडे बघत म्हणाले, "बोरस्त्याला किती झाली?"

बोरस्ते हे नाव आमच्या गल्लीत मोठ्यानं कुणी घेत नाही. गल्लीतलं शेवटून दुसरं घर. मी दहा वर्षांची असताना कंपनीत मोठा संप झाला, आणि संप ऐन भरात असताना रामदास बोरस्ते एका सकाळी कंपनीच्या बसमधून आत कामाला गेले. सभा भरली. ठरलं, की बोरस्त्याशी बोलायचं नाही, त्याच्याकडे जायचं नाही, त्याला बोलवायचं नाही. बाबांनी पत्रक लिहिलं: 'कामगारांनो, फितुराला ओळखा!' मला ते अजून पाठ आहे. त्यात सात उद्गारचिन्हं होती. ते का गेले, हे कुणी विचारलं नाही. पत्रकात प्रश्नचिन्ह एकही नव्हतं.

"एका लेथवर होतो आम्ही," काका म्हणाले. "मी पहिल्या पाळीला, तो दुसऱ्या. मी मशीन पुसून ठेवायचो, तो डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्यासाठी काढून ठेवायचा. तुझ्या बापानं पत्रक लिहिलं. त्याच्या दारावर चिकटवलं कुणी? मी. कणकेची खळसुद्धा मीच शिजवली."

तीन वर्षांपूर्वी बाबा गेले, तेव्हा बोरस्ते रस्त्याच्या पलीकडे उभे होते. चपला काढून हातात धरलेल्या. ते अलीकडे आले नाहीत. मी बघितलं, काकांनीही बघितलं. कुणी हात केला नाही.

"मग जा ना काका त्यांच्याकडे," मी म्हटलं. "तीस पावलांवर तर आहेत."

"मी एकटा कोण जाणार? सभेनं बाहेर बसवलं, सभेनंच आत घ्यायला पाहिजे. पत्रकानं गेला, पत्रकानंच यायला पाहिजे. तू लिही."

मी कामगाराची मुलगी. संप फोडणाऱ्याला माफी हे माझ्या घशाखाली उतरेना. "काका, फितुरी ती फितुरीच. गुन्हा होता तो."

"होताच!" काका ताडकन म्हणाले. "मी कुठं नाही म्हणतो? या पोरानंही काठी मारलीच ना? म्हणून तर बसवला. मी विचारतो, मिनिटं किती?"

मी हिशेब मांडायला लागले आणि थांबले. कारखाना नाही. युनियन नाही. त्या सभेतले निम्मे लोक गेले, निम्मे मुलांकडे राहायला गेले. सगळं बंद पडलं होतं; एका माणसाची शिक्षा तेवढी सतरा वर्षं तीन पाळ्यांत चालू होती.

मी लिहिलं. जोरदार लिहिलं. काकांनी नवा चष्मा लावून वाचलं आणि लेथवरचा जॉब तपासावा तसं कापायला घेतलं. 'उदार मनाने माफ करीत आहोत' हे पहिलं काढलं. "आपण कोण उदार?" मग उद्गारचिन्हं काढली. शेवटी कागदावर दोनच ओळी उरल्या. 'रामदास बोरस्ते यांची मिनिटं केव्हाच संपली. घड्याळ बघायला आम्ही विसरलो.'

काकूंनी खळ शिजवली. संध्याकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून निघाले, एका हातात कागद, दुसऱ्या हातात खळीची वाटी. मी मागं. बोरस्त्यांच्या दाराला रंग लावलेला होता, पण मधला चौकोन खडबडीत राहिला होता. जुनं पत्रक खरवडल्याची खूण. काकांनी त्यावर कागद धरला, दुसऱ्या हातातली वाटी ठेवायला जागा शोधू लागले, आणि दार उघडलं.

बोरस्ते उभे होते. बनियन, पायजमा, हातात निवडायची मेथी. त्यांनी वाटीकडे बघितलं.

"आता काय चिकटवतोस, शांत्या?"

आमच्या काकांचं नाव शांताराम आहे, हे मला त्या दिवशी आठवलं. हातातला कागद पुढं करायचा सोडून त्यांनी वाटीच पुढं केली. मग एकदम म्हणाले, "पहाटे मॅच असते. साडेपाचला."

"माहिती आहे," बोरस्ते म्हणाले. "तू बोंबलतोस ते इथं ऐकू येतं. घड्याळ लावावं लागत नाही मला." मग त्यांनी विचारलं, "आज भाऊसाहेबांनी दोन मारले ना? भोंगा दोनदा वाजला."

"तीन," काका म्हणाले. "तिसऱ्याला मालतीनं आवाज कमी केला." आणि ते रडायला लागले. खळीची वाटी धरलेल्या माणसाला डोळे पुसता येत नाहीत. शेवटी बोरस्त्यांनी वाटी घेतली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मुद्दाम गेले. बोरस्ते आले होते, पण खाटेवर बसले नव्हते. दाराशी, चपलांजवळ स्टूल ओढून बसले होते. येताना त्यांनी डब्यातून शेंगदाण्याची चटणी आणली होती. काका भाऊसाहेबांची फळी मांडीवर घेऊन एकेक चूक समजावत होते आणि दर चुकेबरोबर खाटेवर थोडं सरकून जागा करत होते. तिसऱ्या पॉवर प्लेपर्यंत खाट निम्मी मोकळी झाली होती. बोरस्ते त्या संपात कामावर का गेले होते, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. चौथ्या दिवशी काकांनी विचारलं. काय सांगितलं ते मी लिहिणार नाही. ते विचारणाऱ्याला सांगितलेलं आहे.

वाचकहो, तुमच्याही गल्लीत, कचेरीत, भावकीत असा एक माणूस असेल, ज्याला कधीतरी सर्वांनी मिळून बाहेर बसवलं आणि ज्याचं घड्याळ बघायचं काम कुणावरच सोपवलेलं नव्हतं. सभा पुन्हा भरायची वाट बघू नका, ती भरत नाही. आज संध्याकाळी त्याच्या दारापर्यंत जा. बोलायला काही सुचलं नाही, तर मॅचची वेळ सांगा. आणि तो आला, तर खाटेवर थोडं सरका.