गळ्यातला बॉयलर

त्र्यंबकराव भेटले की आधी तुमचा गळा धरत. नमस्कार मग. अंगठा एका बाजूला, दोन बोटं दुसऱ्या बाजूला आणि वर हुकूम, "आवंढा गिळा." तुम्ही तहसीलदार असा नाहीतर हमाल, गिळल्याशिवाय सुटका नाही. गिळला की मान हलवून म्हणत, "बॉयलर ठीक हाय. आता बोला."

गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले हे डॉक्टर आमच्या भिंतीला भिंत लावून राहत. गाव त्यांना 'गळेदाबे' म्हणे. आमचं गाव कापसाच्या जिनिंगचं, म्हणून उपमाही त्यांनी गावाला कळेल अशीच शोधली होती. प्रत्येक जिवाच्या गळ्यात श्वासनळीला चिकटून थायरॉइड नावाची ग्रंथी असते. ती म्हणजे अंगातला बॉयलर. तो विझत आला की जिनातली यंत्रं थंडावतात तसं जनावर थंडावतं, सुस्तावतं, पोटभर न खाताही फुगतं, त्याचे केस झडतात. जास्त पेटला की सगळं उलटं. गल्लीतली एक म्हातारी मांजर दिवसभर खायची आणि तरी काडीसारखी राहायची, वर ओरडत कौलांवरून धावायची. लोक म्हणत, तिला बाहेरचं लागलं. त्र्यंबकराव म्हणत, "तिचा बॉयलर फाटाले आला हाय. माह्या पुस्तकात मांजरीचं हे लिहेल नाही. पुस्तक चुकलं असन."

छापलेलं चुकलं म्हणायची छाती किती जणांत असते? मला हा माणूस त्याच दिवशी आवडला.

नवं राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. मी पत्रकं काढत असे, नळावर, दिव्यांवर, तुंबलेल्या गटारांवर. राज्य बदललं तरी गटार तेच, असं ठणकावून लिहीत असे. कोणी वाचत नसे. पण पैलवानाचं प्रकरण उभं राहिलं आणि माझ्या अंगात वीज संचारली.

पैलवान हा कौसाबाईचा कुत्रा. कौसाबाई जिनाच्या फाटकाशी भजी तळायची. तिला मूलबाळ नव्हतं, होता तो हाच. अंगानं पिंपासारखा, दोन्ही कुशी टकल्या, शेपूट उंदरासारखी, आणि तोंड असं की आत्ताच कोणी मयताची बातमी दिली. भुंकणं त्यानं कधीच सोडलं होतं. गावानं निदान करून टाकलं, खरूज. आणि जिनिंगच्या गावात खरजेवर औषध एकच, यंत्रातलं जळकं काळं तेल. जिनात कामाला येणारा जो तो येता-जाता त्याला ते फासून पुण्य मिळवी. ऐन वैशाखात पैलवान नव्या बुटासारखा चकाकत होता.

मग आला पालिकेचा आरोग्य निरीक्षक. म्हणाला, लेकरांना लागण होईल, उद्या विषाचा लाडू घालतो. म्हणजे पाहा! गटार उपसायला यांना माणूस मिळत नाही, लाडू वळायला मिळतो! मी तिथंच भाषण सुरू केलं. कौसाबाई कढईतली भजी जळू देऊन रडत राहिली.

त्र्यंबकराव गर्दीतून वाट काढत आले, खाली बसले आणि अर्थातच त्यांनी पैलवानाचा गळा धरला.

"बाई, हा खाजवते का?"

"नाही जी. कधीच नाही."

"बसते कुठी?"

"माह्या भट्टीले चिकटून. हाकललं तरी जात नाही."

"वैशाखात? भट्टीले?" त्यांचा आवाज एकदम उतरला. "याले थंडी वाजून राह्यली."

खरूज असती तर खाजवून रक्त काढलं असतं, हे त्यांनी निरीक्षकाला समजावलं. तो हसला. मी घसा बसेस्तोवर ओरडलो. अखेर पोळ्यापर्यंतची मुदत मिळाली. पोळ्याला पैलवान असाच दिसला तर लाडू.

आता उपाय ऐका. त्र्यंबकराव कांदासुद्धा न खाणारे. तो माणूस रोज सकाळी नाकाला रुमाल लावून गफूरभाई खाटकाच्या दुकानात उभा राहू लागला. मागणी एकच, बकऱ्याच्या श्वासनळीवरच्या दोन बारक्या गाठी, म्हणजे त्याचा बॉयलर. गफूरभाई म्हणे, "डॉक्टरसाब, लोग बकरे की रान मांगते, चाप मांगते. तुम अकेले गला मांगते."

त्या गाठी ते माळवदावर फडक्याखाली वाळवत. शेजारीच आमच्या आईच्या कुरडया वाळत होत्या. आईनं हे पाहिलं आणि गल्लीनं आमच्या घराण्याची सात पिढ्यांची शब्दसंपत्ती ऐकली. त्र्यंबकरावांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तिचा गळा चाचपला. "बॉयलर उत्तम," म्हणाले. त्या वर्षीच्या कुरडया आम्ही खाल्ल्या नाहीत.

गाठींची पूड गुळात घालून पैलवानाला दिली जाई. तो दिवसा डॉक्टरांच्या अंगणात मुक्कामाला असे. तिथं भर उन्हात एक वेताची खुर्ची मांडलेली असायची. तिच्यावर कोणी बसायचं नाही, ती हलवायचीही नाही. मी एकदा टेकलो तर हाताला धरून उठवलं. पैलवान मात्र तिच्या पायाशी पडून राही. त्याला मुभा होती.

आधी त्याचे डोळे जागे झाले. मग शेपूट हलली. पाऊस लागला तसे कुशीवर तांबूस केस धरले, आणि कौसाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवू लागली, जणू नातवाला दात आला.

पोळा आला. तोरणाखाली बैल उभे, शिंगांना बेगड, डफडी वाजतायत, आणि निरीक्षक हजर. विचारतो, ते टकलं कुत्रं कुठं आहे? तेवढ्यात कढईजवळचा एक केसाळ, तांबडा कुत्रा उठला, त्याच्यासमोर चार पाय रोवून उभा राहिला आणि भुंकला! पैलवान भुंकला! बैल बुजले, डफडी थांबली, निरीक्षक मागच्या मागं शेणात बसला.

"हाच त हाय सायेब," कौसाबाई म्हणाली. "वळखलं नाही का बे यानं तुले, पैलवान?"

त्याच दुपारी मी पत्रक लिहिलं. मथळा, 'विषाचा लाडू पालिकेच्याच घशात!' धावत त्र्यंबकरावांकडे गेलो. पावसानं उघडीप दिली होती, ऊन कडक होतं. त्यांनी पत्रक वाचलं, घडी घातली आणि खुर्चीकडे पाहत राहिले.

"आमच्या मंडळी इथं बसत," ते म्हणाले. "वैशाखात. शाल घेऊन. मी म्हणत होतो, बसून बसून फुगली तू, आळशी झाली. ते बिचारी म्हणे, मले थंडी वाजते. जिल्ह्यातल्या बैलायचे गळे पाह्यले म्या, बापू. तिच्या गळ्याले हात लावाचं सुचलं नाही. बिचारी गेल्यावर सुचलं."

त्यांनी पत्रक माझ्या हातात परत दिलं.

"पत्रकात एक ओळ टाकशीन? कोणाले थंडी वाजते म्हटलं, त त्याले आळशी म्हणू नका."

कागदावर जागा नव्हती. मी मथळा खोडला.

खुर्चीच्या पायाशी पैलवान धापा टाकत होता. तो उठला, अंग झाडून लिंबाच्या सावलीत जाऊन पसरला. त्र्यंबकराव टक लावून पाहत होते.

"ऊन लागलं त्याले," ते हळूच म्हणाले.

मग त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची उचलली आणि सावलीत नेऊन ठेवली.